पाण्याच्या खोलीतल्या नजमाआपा

औरंगपुऱ्यातल्या कापड दुकानांच्या गर्दीत एक अरुंद बोळ आहे. त्या बोळाच्या टोकाला, एका ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरच्या मागच्या अंगाला पाण्याची खोली होती. सहा मशीन, दिवसाला तीन पाळ्या आणि एका माणसाचं रक्त एकदा धुवायला सव्वाशे लिटर शुद्ध पाणी. पेशंट समोरच्या दारानं यायचे, पंख्याखाली पडून राहायचे. आपल्या रक्ताला पातळ पडद्याच्या पलीकडून चार तास घासून जाणारं पाणी कुठून येतं, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. ते नजमुन्निसाच्या हाताखालून जायचं.

नजमुन्निसा रंगार गल्लीतल्या रंगरेजाची लेक. तिचे अब्बा हिमरू शाली विणणाऱ्यांचं सूत रंगवायचे. पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या वेळचं गिऱ्हाईक पांगलं, मागणी घटली, तरी दोन हंडे चुलीवर असायचेच. लहानपणी ती हंड्याजवळ उकिडवी बसायची आणि सूत बाहेर आलं रे आलं की "अब्बा, रंग बैठ गया," म्हणून ओरडायची. अब्बा म्हणायचे, "अब्बी नक्को देख. सूखने दे." ओल्या सुताचा रंग वेगळा, सुकल्यावरचा वेगळा. कुठल्या विहिरीच्या पाण्यात लाल रंग काळवंडतो आणि कुठल्या पाण्यात उजळतो, हेही तिला न शिकवता कळत गेलं. शाळा मात्र उर्दू सातवीपर्यंतच झाली. लग्न झालं ते नवाबशी. तो शहागंजात घड्याळं दुरुस्त करायचा.

नवाबच्या किडन्या गेल्या तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. शहरात तेव्हा एक खाजगी सेंटर होतं, नंतर ते बंद पडलं. तिथं आठवड्यातून दोनदा ती त्याला रिक्षानं न्यायची. दोन हजार सातच्या एप्रिलमधली एक सकाळ तिच्या डोक्यातून कधी गेली नाही. तिसऱ्या तासाला नवाब कंबर धरून कण्हायला लागला, छातीत दाटतंय म्हणाला. शेजारच्या दोन खाटांवरही तीच गत. धावपळ झाली, इंजेक्शनं झाली. नजमुन्निसा कोपऱ्यात उभी होती आणि तिची नजर नळीवर होती. एरवी दाट, गडद दिसणारं रक्त त्या दिवशी डाळिंबाच्या सरबतासारखं झालं होतं, आरपार दिसणारं. तिनं तिथल्या माणसाला विचारलं, "ये रंग ऐसा क्यूं?" तो म्हणाला, "मावशी, बाहेर बसा."

नवाब त्या दिवशी घरी आला, पण त्याच्यात काही उरलं नव्हतं. दोन महिन्यांनी तो गेला. पथ्य पाळलं नसेल, असं कुणी तरी म्हणालं. कुणी म्हणालं, अल्लाची मर्जी.

वर्षभरानं त्याच जुन्या सेंटरातला एक टेक्निशियन तिच्या दारात आला. पुंजाराम नाव, चितेगावचा. औरंगपुऱ्यात ट्रस्टचं नवं सेंटर सुरू होतंय, साफसफाईला बाई पाहिजे, असं तो म्हणाला. मुलगी लग्नाची, शिलाईचं काम तुटपुंजं. नजमुन्निसा लगेच हो म्हणाली. एवढ्या ओळखीवर माणूस दारापर्यंत आला, याचं तिला भारी वाटलं होतं.

फरशी पुसता पुसता ती पाण्याच्या खोलीत शिरली ती कायमचीच. सेंटरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं नीट समजावून दिलं. नळाच्या, टँकरच्या पाण्यात जंतू मारायला ब्लीचिंग घालतात, त्यातलं क्लोरीन आपल्या पोटाला बाधत नाही. पण डायलिसिसच्या पाण्यातून ते सरळ रक्ताला भिडतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. म्हणून पाणी आधी कार्बनच्या टाकीतून काढायचं. ती टाकी म्हणजे कोळशाचे बारीक दाणे. ते क्लोरीन धरून ठेवतात. रोज मशीन सुरू होण्याआधी कार्बननंतरचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे.

"आणि चुकून गेलंच तर काय होतं, मॅडम?" तिनं विचारलं होतं.

"कंबर दुखते, दम लागतो. रक्त पातळ, चकचकीत लाल दिसायला लागतं."

नजमुन्निसानं मान हलवली आणि हातातलं फडकं बादलीत पिळलं. पिळतच राहिली. त्या दिवशी तिनं आणखी काही विचारलं नाही. पुढची आठ वर्षं पुंजारामलाही विचारलं नाही. तो शेजारच्या खोलीत असायचा, "आपा, चहा घेता का?" म्हणायचा, ईदेला शीरखुर्मा न्यायचा. प्रश्न ओठापर्यंत येऊन परत जायचा. विचारलं आणि उत्तर आलं, तर त्या माणसाबरोबर रोज काम कसं करायचं?

दोन हजार सोळाचा उन्हाळा आला. त्या वर्षी गावोगाव पाण्याची बोंब होती. सेंटरच्या भागात नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर. रोजचा एक टँकर लावावा लागला. कार्बन बदलायची वेळ झाली होती. मागणी केली होती, पण माल येतो येतो म्हणत महिना गेला होता.

मे महिन्यातला एक सोमवार. सकाळी सहाला नजमुन्निसानं नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. स्वच्छ. तिनं नळी पुंजारामला दाखवली. तो मशीनच्या नळ्या जोडत होता. एक नजर टाकून म्हणाला, "ठीक हाय आपा." तिनं वहीत 'निरंक' लिहिलं आणि नळी लाकडी स्टँडला अडकवून मोटारीकडे गेली. मोटार हवा धरत होती, तिच्यात थोडा वेळ गेला. परत येऊन नळी धुवायला उचलली आणि तिचा हात थांबला.

पाणी पिवळं झालं होतं. हळदीच्या हातानं पांढऱ्या कापडाला शिवावं, एवढंच.

तिनं नळी खिडकीशी नेली, मागं वहीचं कोरं पान धरलं. पिवळंच होतं. ती तशीच आत गेली. हॉलमध्ये पाच पेशंट खाटांवर टेकले होते. सहावा फकिरा, रिक्षा चालवणारा, त्याला मशीन लावून झालं होतं.

"पुंजारामभाऊ, मशीन बंद करा."

"काय झालं?"

तिनं नळी पुढं केली. त्यानं डोळे बारीक केले. "मघाशी तर साफ होतं की. औषध जुनं झालं आसंल. कधी कधी येतो आसा रंग."

"मघाशी साफ होतं. आता नाही. आधी बंद करा, मग बोला."

"आपा, लोक उपाशीपोटी आलेत. साळूबाईची गुरुवारची पाळी चुकलीय, पाय बघा तिचे."

साळूबाई पडेगावची. साठीची, कुडीनं किरकोळ, पण त्या दिवशी पाय खांबासारखे सुजले होते आणि वाक्य पुरं करायला तिला दोनदा थांबावं लागत होतं. सगळे त्या दोघांकडे बघत होते. नजमुन्निसानं आठ वर्षांत कधी या हॉलमध्ये आवाज चढवला नव्हता. तिनं तो आताही चढवला नाही. ती सरळ मागं गेली आणि पाण्याच्या पंपाचं बटण बंद केलं. सहाही मशीन एकदम टीं टीं करू लागली.

डॉक्टरीणबाईंना फोन लागला. त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली: फकिराला काढा, आणि नळीतलं रक्त परत आत देऊ नका. फकिराचं कपभर रक्त वाया गेलं. तो खवळला. "तुमच्या घरचं हाय का रक्त? इथं एक बाटली चढवायची म्हनलं तर किती हिंडावं लागतं!" त्याचं काही चुकत नव्हतं. त्याला जेमतेम सात-आठ मिनिटंच मशीन लावलं होतं, कंबर दुखत नव्हती. नजमुन्निसानं नळीकडे पाहिलं. रक्त दाट होतं. तिच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात ट्रस्टचे नानासाहेब आले. किराण्याचा व्यापार मुलांवर सोपवून ते रोज सकाळी सेंटरवर चक्कर टाकायचे. माणूस सज्जन, पण फाडकन बोलणारा. "नजमाबाई, हा काय प्रकार आहे? एका नळीवरून सहा माणसं बसवून ठेवलीत?"

"नानासाहेब, औषध खराब आहे असं पुंजारामभाऊ म्हणतात. असेलही. तुमच्या गाडीत बाटलीचं पाणी आहे का?"

बाटली आली. तिनं दोन नळ्या धुतल्या. एकीत बाटलीचं पाणी, दुसरीत कार्बननंतरचं. दोन्हींत सारखेच थेंब. दोन्ही स्वच्छ दिसल्या.

"हे बघा, काही नाही," नानासाहेब म्हणाले.

"अजून नका बघू. दहा मिनिटं थांबा."

ते थांबले. बोळातून दूधवाल्यांच्या सायकली जात होत्या. नानासाहेब आधी घड्याळाकडे बघत होते, मग नळीकडे बघायला लागले. पाच मिनिटांनी दुसऱ्या नळीत काहीतरी हललं. आठव्या मिनिटाला सांगायची गरजच उरली नाही. बाटलीच्या पाण्याची नळी जशीच्या तशी होती. औषध खराब नव्हतं.

पुंजारामनं कपाळावरचा घाम पुसला आणि टँकरवाल्याला फोन लावला. टँकरवाला मोकळा माणूस होता, त्यानं लपवलं नाही. नेहमीची विहीर आटली, म्हणून काल, सेंटरच्या रविवारच्या सुट्टीपासून, तो पडेगावच्या पलीकडं गोठ्यांजवळच्या एका विहिरीवर भरत होता. पाण्याला वास येत होता, म्हणून ब्लीचिंग दुप्पट घातलं. "दवाखान्याला जातंय म्हणून जास्त घातलं, साहेब. चांगल्यासाठीच."

डॉक्टरीणबाई येऊन पोचल्या होत्या. त्यांनी उलगडून सांगितलं. शेणामुताचा अंश असलेल्या पाण्यात ब्लीचिंग मिसळलं की क्लोरीनचा दुसरा एक प्रकार तयार होतो. नळीत त्याचा रंग लगेच उठत नाही, सावकाश चढतो. जुना झालेला कार्बन त्याला धरतही नाही. रक्ताला मात्र तो तितकाच वाईट. "थांबून बघायचं, हे मीच तुम्हाला सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून राहिलं."

आता खरा पेच पुढं होता. वाईट पाणी बंद केलं, पण चांगलं कुठून आणायचं? सरकारी दवाखान्यात एकच मशीन रिकामं मिळालं. एका तरुण शिक्षकाच्या रक्तातलं पोटॅशियम वाढलं होतं, त्याला तिकडं पाठवलं. साळूबाईला ऑक्सिजन लावून टेकवून बसवलं. पुढच्या दोन पाळ्यांना उद्या यायचे निरोप गेले. फकिरा आणि बाकीचे तिघं थांबतो म्हणाले, पण किती थांबणार? डायलिसिस खराब पाण्यानं केलं तरी माणूस जातो, आणि केलंच नाही तरी जातो.

पुंजारामला आठवलं, चितेगावच्या एका कारखान्यात त्याचा चुलतभाऊ पाण्याच्या प्लँटवर आहे. तिथं कार्बनची पोती शिल्लक असतात. तो छोटा हत्ती टेम्पो घेऊन पैठण रोडला पळाला. नानासाहेबांनी ओळखीतल्या एका शाळेच्या बोअरचं पाणी मागितलं, त्या बोअरला कधी ब्लीचिंग लागलंच नव्हतं. तोवर नजमुन्निसानं साठ्याची टाकी रिकामी केली, पाइप सोडले, टाकीतला जुना कार्बन घमेल्यानं उपसला. सलवार गुडघ्यापर्यंत काळी झाली. पोती आल्यावर नवा कोळसा भरला, तो धुवायला लागला. पहिल्यांदा शाईसारखं पाणी निघालं, मग राखेचं, मग गढूळ. दोन वाजले, तीन वाजले. निवळ पाणी निघेपर्यंत तिनं मोटार सोडली नाही.

मशीन आतून धुऊन झाली. साडेतीनला नळी भरली. दहा मिनिटं. मग कुणी न सांगता तिनं दुसरी नळी भरली, आणखी दहा मिनिटं. दोन्ही नळ्या खिडकीशी धरल्या. स्वच्छ.

ती हॉलमध्ये आली. साळूबाईनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"नजमाबी, तू सांग. बसू का?"

"डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, पाणी बरोबर आहे."

"त्यास्नी नाय इचारलं. तुला इचारलं. तूच सकाळी नगं म्हनली व्हती ना?"

नजमुन्निसाला तिथं उभं राहून कळलं की सकाळचं नको म्हणणं सोपं होतं. नको म्हटलं तर आपल्या हातून काही घडत नाही, निदान तसं वाटतं. आता तिच्या एका शब्दावर या बाईचं सगळं रक्त त्या पाण्याच्या शेजारून फिरणार होतं. औषधाच्या दोन थेंबांना न दिसणारं आणखी काही पाण्यात असेल तर? असू शकतं. कधीच पूर्ण खात्री होणार नव्हती. तपासता येईल तेवढं तिनं तपासलं होतं.

"बसा," ती म्हणाली. "मी इथंच आहे."

ती स्टूल ओढून खाटेशी बसली. पहिला अर्धा तास तिनं नळीवरची नजर काढली नाही. रक्त दाट होतं, गडद होतं. तासाभरानं साळूबाईचा श्वास जरा खाली आला. "लई बघती गं तू," ती म्हणाली. "माझ्या सासूनं बी इतकं नव्हतं बघितलं." मग तिला डोळा लागला.

रात्री आठनंतर सगळे मार्गी लागल्यावर पुंजाराम पाण्याच्या खोलीत दोन चहा घेऊन आला. ती उलट्या बादलीवर बसली होती. त्यानं चहा दिला आणि उभाच राहिला.

"आपा, आज तुम्ही नसता तर माझ्या हातनं परत झालं असतं."

'परत' हा शब्द दोघांनीही ऐकला होता.

"भाऊ," ती शेवटी म्हणाली, "त्या जुन्या सेंटरवर, त्या दिवशी पाणी कुणी तपासलं होतं?"

त्यानं कप पत्र्याच्या टेबलावर ठेवला. "कुनीच नाय. तिथं तपासतच नव्हतो. मी नवीन व्हतो, मोठा टेक्निशियन सांगंल तेवढं करायचं. महिन्याभरानं मुंबईच्या इंजिनिअरनं टाकी उघडली, आत कार्बनचा नुसता चिखल झाला व्हता. तवा मला कळलं. मालकानं सांगितलं, तोंड उघडायचं नाय." तो थांबला. "मी तुमच्या दारात आलो व्हतो ना, ते सांगायला आलो व्हतो. तुम्ही दार उघडलं, पाणी दिलं, आन् माझ्या तोंडातनं नोकरीचंच निघालं."

नजमुन्निसा चहा न पिता उठली आणि घरी गेली. पुढचे आठ दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तिला राग आला होता, पण तो कुठं ठेवावा ते समजत नव्हतं. यानं आठ वर्षं लपवलं. तिनंही आठ वर्षं विचारलं नाही. नवाब त्या पाण्यानंच गेला, असं आता कुणीच शपथेवर सांगू शकणार नव्हतं. त्याचं हृदयही थकलं होतंच. पण त्यानं पथ्य मोडलं नव्हतं, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तेवढं माहीत असण्यावर तिनं दिवस काढले होते.

नवव्या दिवशी नळी स्टँडला लावून ती पुंजारामला म्हणाली, "त्या दिवशी शेजारच्या खाटांवर आणखी दोघं होते. तेही पुढं गेलेच. त्यांच्या घरच्यांना कुणी सांगितलं?"

"नाय."

"त्यांचे पत्ते काढा. आपण जायचं."

एक कुटुंब पुण्याला गेलं होतं, त्यांचा ठावठिकाणा लागला नाही. दुसरं घर चितेगावातच निघालं, पुंजारामच्या आळीपासून चार गल्ल्या सोडून. इतकी वर्षं तो त्या गल्लीनं जायचं टाळत होता. रविवारी दोघं बसनं गेले. त्या पेशंटची बायको लक्ष्मीबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. तिनं त्यांना बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं. पुंजारामनं मान खाली घालून सगळं सांगितलं, अडखळत, पण काही गाळलं नाही. पाण्यात काय असावं, ते तपासलं नव्हतं, तीन माणसांना एकाच वेळी त्रास झाला होता. "त्यानंच गेले आसं नक्की सांगता येत नाय, वहिनी. पण तुम्हाला ठाऊक आसावं."

लक्ष्मीबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती ओरडेल, रडेल, काठी उचलेल, असं नजमुन्निसाला वाटत होतं. लक्ष्मीबाईनं फक्त विचारलं.

"म्हंजी त्या आंब्यानं नव्हतं झालं?"

"कुठला आंबा?" नजमुन्निसानं विचारलं.

"आदल्या दिशी त्यांनी आंबा मागितला व्हता. डॉक्टरनं नगं म्हनलं व्हतं, मला ठावं व्हतं. पर लई मागितला, म्हून मी अर्धा कापून दिला." तिनं शेंगा सुपात ढकलल्या. "दीर म्हनले, तू मारलं. तवापास्नं मी आंबा घरात येऊ दिला नाय. नातवंडं मागत्यात, तरी नाय."

पुंजारामला तिथं बसवेना, तो अंगणात जाऊन उभा राहिला. नजमुन्निसा सरकून लक्ष्मीबाईच्या जवळ गेली. अर्ध्या आंब्यानं तीन माणसांची कंबर एकदम दुखत नाही, हे तिनं तिला सांगितलं. एकदा सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, कारण लक्ष्मीबाई परत परत तेच विचारत होती. नळीतल्या रक्ताचा रंगही सांगितला. शेजारच्या खाटेवरचा माणूस आपला नवरा होता, हेही सांगितलं. तेव्हा कुठं लक्ष्मीबाईनं तिचा हात धरला.

सुपातल्या शेंगा संपेपर्यंत दोघी बसून होत्या. निघताना लक्ष्मीबाईनं फोडलेले दाणे एका कागदात बांधून दिले आणि पुंजारामला अंगणातून हाक मारली, "भाऊ, तुमी बी या आत. च्या टाकते."